‘खुशीने द्या’ म्हणजे नेमके किती?

पाचव्या सेमची शेवटची ओरल संपली त्या दिवशीची गोष्ट. आम्ही अकरा जण जालना रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. एसी, कापडी नॅपकिन, पाण्याच्या ग्लासात लिंबाची फोड, असा सगळा थाट. मेसच्या वाटाण्याच्या रश्श्यातून एका रात्रीपुरती सुटका. बिल आलं चार हजार सहाशे वीस रुपयांचं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ : ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के, ४६२ रु.’

आमचा सीआर अशा वेळी एकदम वकील होतो. त्याने मॅनेजरला बोलावलं आणि म्हणाला, “हा चार्ज कंपल्सरी नाहीये, काढून टाका.” मॅनेजरने हुज्जत न घालता काढून टाकला. आम्ही टेबलावर थापा मारून जल्लोष केला. डोक्याला बेचाळीस रुपये वाचले होते! मग मोबाईलवर हिशेब झाला, स्कॅन झालं, आणि आम्ही उठलो. टीप द्यायची नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. पण अकरापैकी एकाचाही हात खिशात गेला नाही. आजकाल खिशात सुट्टे पैसे तरी कुठे असतात म्हणा. आमच्याच वयाचा वेटर होता. तो बडीशेपेची वाटी घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि मग दुसऱ्या टेबलाकडे गेला. येताना आम्ही उस्मानपुऱ्यात थांबून पान खाल्लं. बेचाळीस रुपये होते ना उरलेले!

रात्री माझ्या आतेभावाचा फोन आला. तो क्रूझच्या जहाजावर कामाला आहे, घरात सगळे त्याला दादा म्हणतात. मी मोठ्या ऐटीत त्याला सगळा किस्सा सांगितला. वाटलं, शाबासकी मिळेल. तो एवढंच म्हणाला, “बरं केलंत. मग त्या वेटरला काय दिलंत?”

त्यानंतर तो तासभर बोलला. हा लेख म्हणजे बराचसा त्या तासाभराचा परिणाम आहे.

आधी सीआरची बाजू, कारण कायद्याने तो बरोबरच होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, दुसऱ्या नावाने वसूल करू नये, आणि तो दिला नाही म्हणून कुणाला आत येऊ न देणं असले प्रकार करू नयेत. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. काही काळ स्थगितीही मिळाली. शेवटी २८ मार्च २०२५ ला त्या न्यायालयाने सूचना उचलून धरल्या. म्हणजे ग्राहकाने स्वतःच्या मर्जीने टीप द्यावी, हॉटेलने ती त्याच्या माथी मारू नये. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं, आणि आहेही. पण या न्यायात एक फट आहे. मर्जी आपली, आणि आपली मर्जी त्या रात्री पानाच्या टपरीवर खर्च झाली.

आता दादाकडे येतो. समुद्र आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर, तरी आपल्या शहराचा जहाजांशी संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. रौझा बागेत ताज समूहाच्या सहकार्याने १९८९ साली हॉटेल मॅनेजमेंटची संस्था सुरू झाली. त्यानंतर या क्षेत्राचं वारं मराठवाड्यात चांगलंच पसरलं. आमचा दादा तिथला नाही, एका छोट्या डिप्लोमावाला. पण दोन वर्षं इकडे-तिकडे ट्रे उचलून, सीडीसी काढून, सेफ्टीचे कोर्स करून तो एका परदेशी जहाजावर केबिन स्टुअर्ड म्हणून लागला. गोव्यात असल्या नोकरीला काही पिढ्यांची परंपरा आहे. तिथे जहाजावर जाणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात, आणि मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या खोल्या, म्हणजे ‘कूड’, असायच्या. बोट मिळेपर्यंत तिथे मुक्काम. आमच्या गल्लीत मात्र दादा पहिलाच. त्यामुळे आत्याला अजूनही लोक विचारतात, “पोरगा नेव्हीत आहे ना?”

दादाच्या जहाजावर तीन हजार पाहुणे आणि हजाराच्या वर कर्मचारी. त्याच्याकडे अठरा केबिन. सकाळी एकदा आवरायच्या, संध्याकाळी परत एकदा. रात्री पलंगावर टॉवेलचा हत्ती किंवा माकड करून ठेवायचं. लहान मुलांना ते फार आवडतं म्हणे. करार आठ महिन्यांचा, त्यात रविवार नावाचा वार नाही. जहाजांवर विश्रांतीची जी किमान अट असते ती चोवीस तासांत १० तास आणि सात दिवसांत ७७ तास. आठवड्याचे एकूण तास १६८. आपण इंजिनिअर आहोत, वजाबाकी करून बघा!

या जहाजांवर टीप द्यायची पद्धत पूर्वी पाकिटाची होती. शेवटच्या रात्री पाहुणे पांढऱ्या पाकिटात नोटा घालून एक पाकीट स्टुअर्डला, एक वेटरला, एक हेडवेटरला द्यायचे. पुढे जहाजावर रोख पैशांचा व्यवहार बंद झाला, सगळं कार्डावर आलं, आणि अमेरिकी कंपन्यांनी टीपसुद्धा खात्यावर छापायला सुरुवात केली. हल्ली साध्या केबिनला माणशी, दररोज, साधारण १६ ते २० डॉलर. लहान मुलांनाही बहुतेक ठिकाणी तेवढेच. चौघांचं कुटुंब सात रात्रींसाठी गेलं तर सोळाच्या दराने ४४८ डॉलर, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या आसपास. शिवाय बारमध्ये काही घेतलं तर त्यावर वेगळे अठरा-वीस टक्के. तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून नाचत गेलेल्या माणसाला हा आकडा शेवटच्या दिवशी दिसतो आणि तो तडक काउंटरवर जातो. कारण बऱ्याच कंपन्यांमध्ये हा आकडा काउंटरवर सांगून कमी करता येतो, काढूनही टाकता येतो.

“शेवटच्या रात्री तिथे रांग असते,” दादा म्हणाला. “सगळ्या देशांचे लोक असतात, आपलेही असतात. आणि प्रत्येकाचं वाक्य तेच. आम्ही आमच्या स्टुअर्डला हातात देणार आहोत!”

“मग बरंच की तुला,” मी म्हटलं.

“मला बरंच आहे. माझ्या रूममेटचं काय?”

दादाचा रूममेट लॉण्ड्रीत आहे, रत्नागिरीकडचा. दोघांची केबिन पाण्याच्या पातळीच्या खाली, खिडकी नाही. तीन हजार लोकांच्या चादरी, टॉवेल, नॅपकिन हा आणि याच्यासारखे आणखी काही जण धुतात, वाळवतात, घड्या घालतात. आठ महिन्यांत त्याने एकही पाहुणा पाहिलेला नाही. पाहुण्यांनीही त्याला पाहिलेलं नाही. जी टीप खात्यावर छापलेली असते, तिचा वाटा त्यांच्या कंपनीत एका भांड्यात जमा होतो आणि त्यातून लॉण्ड्रीला, भटारखान्याला, भांडी घासणाऱ्यांना जातो. पाहुणा काउंटरवर जाऊन ते चाळीस हजार काढतो, वरच्या मजल्यावर येऊन दादाच्या हातात प्रेमाने वीस डॉलर ठेवतो, त्याच्या टॉवेलच्या हत्तीचं कौतुक करतो, आणि आपण फार दिलदार आहोत अशा समाधानात घरी जातो. हत्तीचा टॉवेल ज्याने धुतला त्याला शून्य.

मला खरं सांगायचं तर हा हिशेब त्या क्षणापर्यंत कधी सुचलाच नव्हता. टीप म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर एक हात यायचा, ज्याने मला वाढलं तो. त्या हातामागे आणखी सात-आठ हात असतात आणि त्यातला एकही बिलाच्या वेळी टेबलाजवळ नसतो.

अर्थात कंपनीही काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. दादाच्या करारात महिन्याचा एक हमीचा आकडा लिहिलाय आणि टिपेचा वाटा त्या आकड्याच्या आतच धरलाय. म्हणजे पाहुण्यांनी भरपूर दिलं की कंपनीला स्वतःच्या खिशातून कमी घालावं लागतं. नोकर कंपनीचा, पगार गिऱ्हाइकाचा. अमेरिकेत जमिनीवरही हीच तऱ्हा आहे. तिथे टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि ते १९९१ पासून बदललेलं नाही! टीप धरूनही सर्वसाधारण किमान वेतन, म्हणजे ७ डॉलर २५ सेंट, भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा असा नियम आहे. म्हणून तिथला वेटर इतका हसून बोलतो. त्याच्या घरभाड्याचा प्रश्न असतो. उलट ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये ही रोजची आकारणीच बंद केली आणि तो खर्च तिकिटात घेतला. म्हणजे टिपेशिवाय जहाज बुडतं असं काही नाही.

आपल्यापैकी कुणी आई-वडिलांना दुबई किंवा सिंगापूरची क्रूझ घडवणार असेल (प्लेसमेंट झाल्यावर सगळेच घडवणार असतात), तर दादाने सांगितलेलं थोडं इथे लिहून ठेवतो. मुंबईहून तर २०२१ पासून कॉर्डेलियाची जहाजंही सुटू लागली, त्यामुळे हे अगदीच स्वप्नरंजन नाही. बुकिंग करतानाच ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द शोधायचा. ती तिकिटात आहे की रोज लागणार आहे ते विचारायचं आणि लागणार असेल तर ती तिकिटाचाच भाग समजून बजेट करायचं. टूर कंपनीच्या पत्रकात ‘टिप्स समाविष्ट’ असेल तर कुणाच्या टिप्स, जहाजाच्या की गाईड-ड्रायव्हरच्या, ते लेखी घ्यायचं. नाहीतर दोनदा भरणं होतं. बारच्या पावतीवर टक्के आधीच लावलेले असतात, त्याच्याखाली ‘टीप’ म्हणून आणखी एक रिकामी ओळ असते. ती रिकामी ठेवली तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. एखाद्याने खरोखर जीव लावून केलं तर वरचं वेगळं द्यायचं आणि त्याचं नाव शेवटच्या फीडबॅकच्या कागदावर लिहायचं. दादाच्या कंपनीत त्या कागदावरच्या नावाने पुढच्या कराराला फरक पडतो. आणि काउंटरवर जाऊन आकडा काढायचा नाही. तक्रार असेल तर पहिल्याच दिवशी तक्रार करायची. शेवटच्या रात्री सात दिवसांची तक्रार आठवणं ही आपली खास सबमिशनवाली सवय.

हे सगळं ऐकून माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट घोळायला लागली. टीप ही परदेशी भानगड आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं, असं आपण सहज बोलून जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर फिरतंच की ‘टिप’ म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’. ती निव्वळ थाप आहे. तो शब्द इंग्रजीतल्या जुन्या चोरबोलीतला, ‘सरकवणे’ अशा अर्थाचा. आपल्याकडे तर या एका गोष्टीला शब्दच शब्द आहेत. ‘बक्षीस’ फारसीतून आलं, तिथे त्याच्या मुळाशी देणं आणि माफ करणं असे दोन्ही अर्थ आहेत. आपण गॅदरिंगमध्ये पहिला नंबर आला की बक्षीस घेतो आणि हमालालाही बक्षीसच देतो! ‘पोस्त’ म्हणजे दिवाळीला कामाच्या माणसांना द्यायचे पैसे. ‘चिरीमिरी’ द्यायची ती काम अडू नये म्हणून. ‘खुशाली’ही कुठे कुठे म्हणतात. आणि या सगळ्यांच्या आधीचं म्हणजे बलुतं. खळ्यावर धान्याची रास झाली की सुतार, लोहार, न्हावी, महार, कुंभार यांचा ठरलेला वाटा निघायचा. कुणबी खूश आहे की नाही याचा प्रश्न नव्हता, वाटा ठरलेला होता. पण तो घ्यायला हात पसरावा लागायचा, आणि कुणी पसरायचा हे जात ठरवायची. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे एवढंच नाव दिलं, त्यात काय ते सगळं आलं. म्हणजे नुसता वाटा ठरलेला असून भागत नाही.

मागच्या दिवाळीत आजीला अजिंठा दाखवायला नेलं होतं. फर्दापूरच्या फाट्यावरून बसने लेण्यांच्या पायथ्याशी गेलो, पण पुढच्या पायऱ्या तिला झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून डोली केली. चार माणसं, खांद्यावर दोन दांडे, मध्ये खुर्ची, खुर्चीत नऊवारीतली आजी. आधी ती लाजून बसायलाच तयार नव्हती. “जित्तेपणी चौघांच्या खांद्यावर कशाला?” म्हणाली. शेवटी बसली. दर आधीच ठरला होता. फिरून खाली आल्यावर मी पुढच्या माणसाला ठरलेले पैसे दिले. तो म्हणाला, “आजीच्या खुशीनं अजून द्या काहीतरी.” मला हे वाक्य ऐकलं की घाम फुटतो. खुशीने म्हणजे किती? वीस दिले तर अपमान, दोनशे दिले तर आपण मूर्ख. मी पाकीट उघडून नुसता बघत बसलो.

आजीने कमरेची पिशवी काढली. त्या पुढच्याच्या हातात तिने काहीच दिलं नाही. चौघांना समोर उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पन्नासची नोट ठेवली. मागच्या दोघांना तर जवळ बोलावून. परतताना मी विचारलं, एकालाच दोनशे का नाही दिले, त्यांनी वाटून घेतले असते. आजी म्हणाली, “मागचे दोघं मला दिसलेच न्हाईत सबंध वाटंनं. त्यायला कोन देनार?”

दादाच्या लॉण्ड्रीवाल्याची गोष्ट ऐकताना मला आजीचे हे मागचे दोघं आठवले. आणि लगेच, नको असताना, आपली मेस आठवली.

तर मित्रांनो (आणि रेक्टर सर, तुम्हीही), आता मुद्द्यावर येतो. आपल्या मेसमध्ये टीप नाही असं आपण समजतो. ती आहे. फक्त ती गुपचूप आहे. सेम सुरू झालं की तिसऱ्या मजल्यावरचे काही जण वाढणाऱ्या पोरांपैकी एखाद्याला दोनशे-पाचशे रुपये पाठवून देतात. मग सेमभर त्यांच्या ताटात तव्यावरची पोळी पडते. फीस्टला गुलाबजाम माणशी दोन असा बोर्ड असतो, त्यांच्या वाटीत तीन असतात. रात्री साडेनऊला उशिरा आले तरी त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असतं. आणि फर्स्ट इयरचा पोरगा, जो रांगेत शेवटी असतो आणि ज्याला अजून कुणाला ‘मामा’ म्हणायचं कुणाला ‘भैया’ म्हणायचं तेही कळत नाही, त्याच्या वाटीत बटाट्याविना रस्सा. त्याच्या वडिलांनी मेसचे पैसे तेवढेच भरलेत.

हे कुणा दुसऱ्याचं नाव घेऊन सांगत नाही. थर्ड सेमला मीही तीनशे दिले होते. गरम पोळी फार छान लागते.

वाढणाऱ्या पोराला यात दोष देता येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर चार गुलाबजाम वाढले असते. पण एकदा मोजून बघितलं तर आपल्या मेसमध्ये एकूण नऊ जण काम करतात. वाढणारे चार, स्वयंपाकाचे दोन, भांड्यांवर दोन मावशी, आणि झाडून-पुसून टेबलं लावणारे एक काका. आपली सगळी ‘खुशी’ या चौघांपैकी दोघांना मिळते. म्हणजे आपणही काउंटरवर जाऊन आकडा काढून, वर येऊन स्टुअर्डच्या हातात वीस डॉलर देणारेच.

माझं म्हणणं साधं आहे. हे हातात देणं बंद करावं आणि जहाजासारखं एक भांडं करावं. सेमला माणशी शंभर रुपये. आपण हॉस्टेलला दोनशे दहा जण आहोत, सगळ्यांनी दिले तर एकवीस हजार होतात. नऊ जणांत सारखे वाटले तर प्रत्येकी दोन हजार तीनशेच्या वर जातात. हिवाळी सेमचे दिवाळीच्या आधी द्यायचे, पोस्त म्हणून, म्हणजे गावाकडे जाताना कामी येतील. वाटप मेस कमिटीने सगळ्यांसमोर करायचं आणि जमा किती, वाटले किती, एवढे दोनच आकडे नोटीस बोर्डावर लावायचे. कुणी किती दिले ते लावायचं नाही. आपल्यात स्कॉलरशिप उशिरा येणारेही आहेत, ज्यांना महिनाअखेरीस शंभर रुपये म्हणजे शंभर रुपये असतात. बंद डबा ठेवायचा, टाकले-न टाकले कुणी बघायचं नाही.

हे मी मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये बोललो तेव्हा अपेक्षेप्रमाणे आरडाओरडा झाला. एकजण म्हणाला, सगळ्यांना सारखी टीप दिली तर कामचुकारांचं फावेल, टीप कामाला बघून द्यायची असते. वा! सेशनलचे मार्क मात्र सगळ्यांना सारखे मिळावेत. आणि काम बघून द्यायची म्हणत असाल तर मावशींचं काम बघायला कोण जातं? रात्री दहाला दोनशे दहा ताटं आणि कढया घेऊन त्या मागच्या ओट्यावर बसतात, तेव्हा आपण व्हरांड्यात क्रिकेट बघत असतो. स्वच्छ ताट दिसतं, ते कुणी स्वच्छ केलं ते दिसत नाही.

सीआरचा मुद्दा मात्र खरा होता. तो म्हणाला, “आपण असं जमवायला लागलो की कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, पोरं देतायत ना, मग पगारवाढ कशाला? तुझ्या दादाच्या कंपनीसारखंच होणार.” यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, कबूल करतो. एवढंच म्हणता येईल की हे पैसे कॉन्ट्रॅक्टरच्या हातून जाऊ नयेत. आणि दरवर्षी जूनमध्ये मेसचा करार नवा होतो तेव्हा आपली कमिटी भाज्या किती, फीस्ट किती, दही कोणत्या वारी यावर दोन तास भांडते. त्याच बैठकीत कामगारांना महिन्याला काय मिळतं, किमान वेतनाइतकं तरी मिळतं का, हा प्रश्न पाच मिनिटं विचारायला हरकत नाही. किमान वेतन ही कायद्याची गोष्ट आहे, तिथे कुणाच्या खुशीचा संबंध नाही. रेक्टर सर त्या बैठकीला असतातच. सर, विचाराल ना? आणि त्यामुळे मेसबिल माणशी साठ-सत्तर रुपयांनी वाढलं, तर तेव्हा बोंबलणाऱ्यांत मी नसेन. निदान आत्ता तरी तसं वाटतंय.

शेवटी बऱ्याच ओढाताणीनंतर एका सेमपुरतं करून बघायचं ठरलं. डबा ऑफिसबाहेरच्या टेबलावर ठेवलाय. हिशेबासाठी कमिटीच्या सेक्रेटरीने कामगारांची यादी केली, ती माझ्याकडे तपासायला आली. नऊऐवजी सातच नावं. वाढणाऱ्यांची, स्वयंपाकाची, टेबलवाल्या काकांचीही होती. भांड्यांवरच्या दोघींची नव्हती. स्वयंपाकाच्या मामांना विचारलं तर ते म्हणाले, “मावशीच म्हनतेत सगळे. नाव काय म्हाइत नाही बुवा.” अडीच वर्षं मी ज्या ताटात जेवतोय ते धुणाऱ्या बाईचं नाव मलाही माहीत नव्हतं.

म्हणून परवा रात्री दहानंतर वही घेऊन मागच्या ओट्याकडे गेलो. नळ चालू होता, कढईत राख. म्हटलं, “मावशी, तुमचं नाव सांगा, लिहून घ्यायचंय.”

त्यांनी हात थांबवला, नळ बंद केला आणि उभ्या राहून विचारलं, “नाव कशाला पायजे? काय तक्रार आली का माझी?”